नदीवरची सरळ रेघ

नदीतून लाँच जाईल की नाही, एवढाच काय तो प्रश्न. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मोकळे व्हा! पण ही नदी पडली आगाऊ. सरळ उत्तर देईल तर शपथ. सकाळी विचारावं तर हो, संध्याकाळी विचारावं तर नाही, आणि अहवाल टाइप करून सहीला पाठवला की तिसरंच काहीतरी. पात्र एवढं रुंद की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही, आणि पाणी म्हणाल तर इकडे एक धार, तिकडे दुसरी, मधे नुसती वाळू. बरं, ती वाळू तरी एका जागी बसेल? आज पट्टा आहे म्हणून काठी रोवून यावं, तर थोड्या दिवसांनी काठी पाण्यात आणि पट्टा भलतीकडेच. अशा नदीशी जिची अख्खी नोकरी बांधलेली, तिचं डोकं ठिकाणावर राहिलं हेच नवल म्हणायचं.

तिला सगळं खातं मापारीणबाई म्हणायचं. धान्य मापणारा मापारी असतो ना, तशी ही पाण्याची खोली मापणारी मापारीण. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण चिकटलं ते चिकटलं. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लग्न झालं नाही. का नाही, असं विचारण्याची कुणाची छाती नव्हती. लहानपणी आईवडील गेले, थोरल्या भावाने वाढवलं, शिकवलं, आणि त्याच्याच नादाने ती नदीखात्यात लागली. अजूनही ती दादा-वहिनीकडेच राहायची. घरात तिला दादा ‘चिमे’ म्हणायचा. ऑफिसात एका कारकुनाने एकदा गमतीने ‘चिमाताई’ म्हणून बघितलं, तेव्हा तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचारा आठवडाभर दुसऱ्या दाराने ये-जा करत होता.

ऑफिस काठावरच होतं, पत्र्याच्या छपराचं. आत दाटीवाटीने टेबलं, भिंतीभर नकाशे, आणि एक पंखा, जो लावला की कागद उडतात आणि बंद केला की माणसं उकडतात. खिडकीतून नदी दिसायची. बाई खिडकीकडे पाठ करून बसायची. दिवसभर तिचं तोंड बघतेच की, टेबलावर बसून आणखी कशाला, असं तिचं म्हणणं.

काम सांगायला सोपं. नदीच्या दोन्ही काठांवर निशाणं रोवायची, प्रत्येक काठावर दोन, एकामागे एक. होडी हाकणाऱ्याने समोरची दोन निशाणं एकावर एक येतील अशी होडी न्यायची. निशाणं एकात एक दिसत राहिली म्हणजे होडी सरळ रेघेत. पुढच्या टोकाला बाई आकडे रंगवलेला लांब बांबू घेऊन बसणार, थोड्या थोड्या अंतराने तो पाण्यात खुपसणार आणि आकडा लिहिणार. या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ झाली की थोडं खाली सरकून दुसरी. जागा दाखवणारं एक यंत्रही खात्याकडे होतं म्हणे, पण ते दुरुस्तीला गेलं ते गेलंच. आता तर त्याची चौकशी करणाऱ्यालाच लोक वेड्यात काढायचे. तेव्हा मोजणाऱ्याची नजर खाली बांबूवर आणि हाकणाऱ्याची वर निशाणांवर, अशी सरळ वाटणी. संध्याकाळी बाई कागदावर निशाणापासून निशाणापर्यंत पट्टीने रेघ ओढायची आणि दिवसभराचे आकडे त्या रेघेवर मांडायची. लाँचला छातीइतकं पाणी लागतं. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर अशी छातीइतक्या पाण्याची सलग वाट सापडली तर नदी चालू, नाही सापडली तर बंद.

आता दादाचं सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथेच अडलेलं होतं. दादा लाँचचा चालक. तरणाताठा असताना त्याने लाँचचं चाक हातात घेतलं आणि केस पिकेपर्यंत सोडलं नाही. आणि या एवढ्या लबाड नदीत त्याने लाँच वाळूला म्हणून कधी टेकवली नाही. एकदाही नाही! पाण्याचा रंग बघून, वरच्या सुरकुत्या बघून तो अशी काही वाट काढायचा की प्रवासी निवांत डुलक्या घ्यायचे. लाँचला सुट्टी असली की बाईची मापणीची होडीही तोच हाकायचा, कारण बाईला दुसऱ्या कुणाचा हात पटायचा नाही. दुसरा कुणी असला की होडी सारखी अडायची, ढकलावी लागायची, दिवस फुकट जायचा. दादा असला की कसं, लोण्यातून सुरी.

मग दादा एकदा तापाने अंथरुणाला खिळला. खात्याने लाँचवर बाहेरचा चालक पाठवला. त्याने लाँच नेली आणि भर नदीत वाळूत रुतवली. ती काही केल्या निघेना, तेव्हा माणसं कंटाळून उतरली आणि सामान डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत निघाली. पट्ट्याच्या कडेला वाळू पायाखालून सरकते, हे त्यांना कुणी सांगायचं? त्यांतली एक प्रवासी बाई धारेत वाहून गेली. सापडली ती खाली वळणावर, दुसऱ्या दिवशी.

तो चालक सगळ्यांना एकच सांगत होता, की मी नकाशाप्रमाणेच नेली हो, नकाशात तिथे पाणी होतं. कोण ऐकतंय! “हाकता येत नाही आणि चढवलं गाढवाला लाँचवर,” दादा म्हणाला. खातंही तेच म्हणालं, बाईही तेच म्हणाली. चालकाची नोकरी गेली. लाँच धक्क्याला बांधली गेली ती अजून बांधलेलीच. आणि दादाला खात्याने कायमचं मापणीच्या होडीवर बसवलं.

तेव्हापासून घरात शांतता म्हणून नाही. लाँच हाकायला मिळेना तेव्हा दादा घर हाकायला लागला. नळ किती सोडायचा, खुर्ची कुठल्या भिंतीला लावायची, दार कुठल्या हाताने लोटायचं, सगळ्यात त्याचा हुकूम.

“अहो, हे घर आहे, धक्का नाही,” वहिनी म्हणायची.

“म्हणून काय वाटेल तसं चालवायचं?”

मग वहिनी भांडी जरा जास्तच आपटायची. दादा बाहेर गेला की मात्र बाईजवळ येऊन हळूच म्हणायची, “वन्सं, बघवत नाही हो यांच्याकडे. रोज धक्क्यावर जातात, त्या बंद लाँचवर चढतात, चाक पुसतात आणि परत येतात. काय लागलाय तुमचा तो अहवाल, द्या ना एकदाचा!”

अहवाल! अहवाल काय तिने दिला नव्हता? दिला होता की. पहिला दिला, तो या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून वरच्या ऑफिसात. एकाची सही झाली तर दुसरा रजेवर. दुसरा आला तर पहिल्याची बदली. सह्या होऊन कागद परत येईपर्यंत नदीने कूस बदललेली. पुन्हा मापणी, पुन्हा अहवाल, पुन्हा तेच. खात्याच्या कागदापेक्षा वाळू जोरात चालायची, त्याला बाई काय करणार? भिजत घोंगडं ते भिजतच पडलं. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. वरून शिव्या खायच्या आणि खाली गोड बोलायचं, यात बिचाऱ्याचं अर्धं टक्कल पडलेलं.

“मॅडम,” तो एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “तुम्ही नदीला जरा सांगून बघा ना. म्हणावं, सही होईपर्यंत हलू नकोस.”

“तुम्हीच सांगा,” बाई म्हणाली. “माझं तर ऐकत नाही, साहेबाचं ऐकतेय का बघू.”

यंदा मात्र साहेबाने तिला बोलावून समोर बसवलं. पंखा बंद केला, म्हणजे गोष्ट गंभीर होती. “वरून आलंय. ही शेवटची मापणी. आपला अहवाल थेट वर जाणार, मधे कुठे थांबणार नाही. हो असेल तर लाँच दुरुस्त करून पाण्यात, आणि तुमचा नकाशा छापून सगळ्यांना देणार. मालाच्या होड्या, प्रवासी होड्या, ज्याला परवाना हवा त्याला. आणि नाही असेल तर लाँच भंगारात. मला ‘कदाचित’ नको, ‘बघावं लागेल’ नको. एक शब्द द्या.”

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं. दादा जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला.

“भंगारात म्हणजे? कापणार?”

“कापतील नाहीतर काय पूजा करतील?” बाई चिडून म्हणाली. चिडली ती दादावर नव्हे, पण समोर तोच होता.

“मग मलाही घाला त्याच ढिगात,” दादा म्हणाला आणि उठून हात धुतले. अर्धं जेवण तसंच राहिलं. वहिनीने बाईकडे असं बघितलं, जणू हिनेच सगळं आपल्या हाताने मोडून ठेवलंय.

तर अशी ती मापणी सुरू झाली. आणि गंमत बघा, नदी यावेळी कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागायला लागली. बांबू खुपसावा तर छातीइतकं पाणी. पुढे छातीइतकं. आणखी पुढे, पुन्हा छातीइतकं! काठाजवळ सोडलं तर कुठे उथळ म्हणून लागेना. एक रेघ, दुसरी रेघ, सगळीकडे एकच. बाई आकडे लिहीत होती आणि मनातल्या मनात हसत होती. दादा तर खुलला. होडीत मागे बसून गुणगुणायचा. घरात नळ कसा का सोडेना, कुणाला काही बोलायचा नाही. वहिनीने एका संध्याकाळी त्याच्या लाँचवरच्या वर्दीचं बटण शिवून ठेवलं. साहेबाने तर अहवालाचा मसुदा आधीच टाइप करून ठेवला. ‘नदी जलवाहतुकीस योग्य आहे.’ खाली बाईच्या सहीला जागा.

आणि मग तो बगळा.

वाऱ्याने अलीकडच्या काठावरचं एक निशाण कललं होतं, ते सरळ करायला बाई सकाळी एकटीच गेली होती. निशाण ठोकलं, मागे सरकली, एक डोळा मिटून दोन निशाणं एकात एक येतात का बघायला लागली. आली. त्यांच्या बरोबर पुढे, नदीच्या पार पलीकडे समोरची निशाणं, तीही आली. आणि या सगळ्यांच्या मधे, तिच्या पट्टीने ओढलेल्या रेघेच्या अगदी मधोमध, बगळा उभा होता. एक पाय वर घेऊन, निवांत.

बाईने डोळे चोळले. त्या जागी तिने आदल्याच दिवशी छातीइतकं पाणी लिहिलं होतं. आता बगळ्याचे पाय कितीही लांब म्हटले तरी छातीइतक्या पाण्यात एका पायावर उभं राहणारा बगळा काही अजून जन्माला आलेला नाही. “हलली! मेली रात्रीतून हलली!” बाई एकटीच ओरडली. बगळ्याने मान वळवून बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.

ती तणतणत धक्क्यावर आली आणि दादाला म्हणाली, “चल, कालची रेघ परत मारायची. वाळू सरकलीय.”

“सरकली नाही,” दादा म्हणाला.

“तुला काय माहीत? मी डोळ्यांनी बगळा बघितला तिथे.”

दादा होडीत चढला. इंजिन सुरू केलं. होडी निघाली, बगळा उडाला. बाईने बांबू खुपसला. छातीइतकं. पुढे, छातीइतकं. जिथे बगळा उभा होता तिथे आलो असं तिला वाटलं आणि तिने बांबू जरा रागानेच खुपसला. छातीइतकंच पाणी! आता मात्र तिचं डोकं फिरलं. बगळा काय पोहत होता? इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते तिने केलं. बांबू तसाच पाण्यात धरून मान वर केली आणि समोरच्या निशाणांकडे बघितलं.

दोन निशाणं. एकात एक नाही, भांडलेल्या शेजाऱ्यांसारखी दोन बाजूंना तोंडं करून उभी. होडी रेघेवर नव्हतीच. ती अलगद, कुणाला धक्काही न लागेल अशी खालच्या अंगाला वळून वाळूच्या शेपटाला वळसा घालत होती. बाई बघत राहिली. पट्टा मागे पडला तशी होडी पुन्हा अलगद वर आली आणि निशाणं पुन्हा एकात एक झाली. दादा समोर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

तिने पुढची रेघ मारली, ती मान वर ठेवूनच. आकडे घेतलेच नाहीत. प्रत्येक उथळ जागेला होडी वळत होती. एकदाही चुकत नव्हती. कागदावर पट्टीने ओढलेल्या त्या सगळ्या सरळ रेघा, त्यांच्यावर मांडलेले ते देखणे आकडे, ते नदीचे नव्हतेच मुळी. जिथे जिथे दादाला पाणी सापडलं तिथले होते. नकाशावर नदी नव्हती, दादा होता.

ऑफिसात जाऊन तिने साहेबाला सांगितलं, की मसुदा थांबवा, रेघा पुन्हा माराव्या लागतील.

“आता पुन्हा?” साहेबाने कपाळाला हात लावला. “मॅडम, सगळं छातीइतकं आलंय ना? तुम्हाला आणखी काय हवंय, गळ्याइतकं?”

“खरं हवंय.”

“परवा कागद वर जायलाच हवा. हो तर हो, नाही तर नाही. मला माझी बदली नकोय.” मग जरा नरमून म्हणाला, “हाकणारा बदलून बघता का? पण आता ऐनवेळी कुठून आणणार?”

त्याला तिने कारण सांगितलं नव्हतं. तरी तो नेमकं बोलून गेला, आणि बाई तशीच उठून बाहेर पडली.

घरी आल्यावर ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरात गेली. दादा ओट्याला टेकून पाणी पीत होता, वहिनी कणीक मळत होती.

“दादा, तू होडी वळवतोस.”

“वळवत नाही,” दादा म्हणाला. मग पेला खाली ठेवला. “वळते. हात वळतो माझा. समोर वाळू दिसली की हात वळतो, मी काय करू? सगळी हयात हेच केलं. कुणी सांगितलं वाळूत घाल, तर घालू?”

“मापणीच्या रेघेवर घालायची असते. तेच तर काम आहे!”

“पाणी आहे ना तिथे? मी नेली ना तिथून? मग नदी चालू आहे! लाँच मीच नेणार आहे, तुझ्या कागदाला काय कळतं?”

“लाँच तू नेशील. आणि बाकीच्या होड्या? नकाशा छापून वाटणार आहेत ते. लोक माझ्या सरळ रेघा बघून बायकापोरांना घेऊन निघतील. त्या प्रत्येक होडीत तू बसणार आहेस का?”

“हाकता येत नाही त्यांनी येऊ नये.”

“बरोबर! गाढवांनी येऊ नये!” बाईचा आवाज चढला. “तो चालक काय सांगत होता आठवतंय? नकाशाप्रमाणे नेली, नकाशात पाणी होतं. तो नकाशा कुणी केला होता? मी. आणि होडी कोण हाकत होतं?”

वहिनीचे हात कणकेत तसेच थांबले. दादाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बाईकडे. नळ थेंबथेंब गळत होता आणि तो नीट बंद करावा, असं दादालासुद्धा सुचलं नाही.

“तुला माहीत होतं?” बाईने विचारलं. आता आवाज खाली आला होता.

“तेव्हा नाही,” दादा म्हणाला. “आईशपथ, तेव्हा नाही. हात वळतोय हे कळायचंसुद्धा नाही. यावेळी कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या रेघेला कळलं.” तो थांबला. “मग गप्प बसलो. म्हटलं, पाणी तर आहे. म्हटलं, एकदा लाँच सुटू दे, मग बघू.”

“मग बघू!” बाई म्हणाली, आणि तिला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की दोन्हींतलं कुठलं आधी बाहेर येतंय तेच कळेना. ज्याने बोट धरून नदीवर आणलं, ज्याच्या हातावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला, मिटून नव्हे, खाली घालून. “उद्या मी दुसरा माणूस घेते. धक्क्यावरच्या कुणालाही घेते. सरळ हाकणारा.”

“घे!” दादा उसळला. “घे कुणालाही! रुतव आणि लाव माझी लाँच भंगाराला!” तो बाहेरच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनी कणीक तशीच टाकून दाराशी जाऊन उभी राहिली.

सकाळी बाई धक्क्यावर गेली तर मापणीच्या होडीत दादा बसलेला. दाढी केलेली, कपडे रोजचेच. मांडीवर दोरीचं एक वेटोळं.

“मी दुसऱ्याला सांगितलंय,” बाई म्हणाली.

“त्याला परत पाठवलं मी. बस.”

“दादा, पुन्हा तेच नको रे.”

“बस म्हणतोय ना. दुसऱ्या कुणी रुतवली तर काय म्हणतील? हाकता येत नव्हतं म्हणतील. मागे म्हणालेच की. मीही म्हणालो. पुन्हा एखाद्याला गाढव ठरवतील आणि नदी चालू म्हणून मोकळे होतील.” त्याने इंजिनाची दोरी ओढली. “मी रुतवली तर कुणाची बोलायची टाप नाही.”

बाई पुढे जाऊन बसली. दादाने होडी पहिल्या निशाणांवर लावली. धारेचा रेटा धरून तोंड किंचित वरच्या अंगाला ठेवलं, समोरची निशाणं एकात एक आणली. मग मांडीवरची दोरी घेतली आणि सुकाणू दोन्ही बाजूंनी करकचून बांधून टाकलं. गाठ ओढून बघितली.

“हे कशाला?”

“हाताचा भरवसा नाही,” तो म्हणाला, आणि दोन्ही हात काखेत दाबून बसला.

होडी निघाली. बाई एक डोळा बांबूवर, एक निशाणांवर ठेवून होती. निशाणं हलली नाहीत. छातीइतकं पाणी. मग कमरेइतकं. मग मांडीइतकं. पुढे पाण्याचा रंग बदललेला तिलासुद्धा दिसत होता, मग दादाला किती आधी दिसला असेल! तिने मागे वळून बघितलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. खांदे आपोआप उजवीकडे कलत होते, सगळं अंग वळत होतं, फक्त होडी वळत नव्हती. “दादा, दोरी सोडू का?” ती म्हणाली. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

तळाखाली वाळू खरवडली. होडी एकदा उचलल्यासारखी झाली, आणखी थोडी घासत गेली आणि थांबली. दादाने डोळे मिटून घेतले होते. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं. ते बंद करायला त्याला जरा वेळ लागला.

“किती?” त्याने विचारलं.

बाईने बांबू टाकला. “पोटरीभर.”

“लिही.”

तिने लिहिलं. उत्तर मिळालं होतं. एक शब्द हवा होता ना साहेबाला, तो मिळाला. धक्का लांब होता, पण तिथे बांधलेली लाँच इथून दिसत होती. दोघांनीही तिकडे बघणं टाळलं.

होडी ढकलायला दोघं उतरली. दादा पँट वर न करताच उतरला आणि पायाखाली बघत उभा राहिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांभोवतीने जात होतं. “एवढी वर्षं नदीत काढली,” तो म्हणाला, “पण भर नदीत पायांवर कधी उभा राहिलो नव्हतो.” आणि तो रडायला लागला, सरळ रडायला लागला, बहीण बघतेय याची लाजही न बाळगता. मापारीणबाईला काय करावं सुचेना. तिने त्या वाळूला सगळा जोर लावून एक लाथ घातली. वाळूचं काय जाणार? गढूळ पाणी उडालं, ते तिच्याच तोंडावर आलं.

“पुरे,” दादा नाक पुसत म्हणाला. “खांदा लाव.”

दोघांनी खांदा लावून होडी मागे रेटली. ती तरंगल्यावर दादा वर चढला, तिला हात देऊन वर घेतलं, गाठ सोडून होडी पुढच्या निशाणांवर नेऊन लावली, आणि पुन्हा दोरी उचलली.